आगीपुढे कोण दिसतं, कोण राहून जातं

तेलविहिरीची आग विझवण्यावरचा माहितीपट लागला की सुरुवातीला माणसं दिसतच नाहीत. काळा धूर आणि जमिनीतून उसळणारा नारिंगी झोत, एवढंच पडदा व्यापून राहतं. मग पत्र्याच्या आडोशामागून पाणी मारणाऱ्या काही आकृती दिसू लागतात. त्यांतल्या कोणाचा चेहरा जवळून दाखवायचा, कोणाचं नाव खाली लिहायचं आणि कोणाला बोलू द्यायचं, हे दिग्दर्शक ठरवतो. त्यावरूनच हे काम कोणाचं असतं आणि कोणाला जमतं, याचा समज पाहणाऱ्याच्या मनात पक्का होतो.

हा प्रश्न ठाणे-कल्याण-डोंबिवलीत आपल्या घराजवळचा आहे. इथल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये चौदा दिवस समुद्रातल्या रिगवर आणि चौदा दिवस घरी असणारा एखादा तरी माणूस राहतो. आखातात नोकरी करून आलेली माणसं इथे आहेत. डोंबिवली एमआयडीसीतल्या स्फोटांनी काचा फुटलेली घरंही इथलीच. आगीचं चित्रण कसं होतं, याच्याशी या भागाचा थेट संबंध आहे.

कुवेत, 1991

आखाती युद्धाच्या शेवटी, 1991च्या जानेवारी-फेब्रुवारीत, माघार घेणाऱ्या इराकी सैन्याने कुवेतमधल्या सहाशेहून जास्त तेलविहिरींना आगी लावल्या. रोज 40 ते 60 लाख बॅरल तेल जळत असल्याचे अंदाज तेव्हा मांडले गेले. आगी विझायला काही वर्षं लागतील असं सुरुवातीला अनेक तज्ज्ञ म्हणत होते. प्रत्यक्षात शेवटची विहीर 6 नोव्हेंबर 1991 रोजी बंद झाली.

हे काम कसं चालतं ते समजून घेतलं, तर त्यात किती हात लागतात हेही कळतं. आधी विहिरीपर्यंतचा रस्ता सुरुंगांपासून आणि न फुटलेल्या बॉम्बपासून मोकळा करावा लागतो. मग पाणी आणायचं. वाळवंटात ते कुठून येणार? एरवी तेल समुद्राकडे नेणाऱ्या पाइपलाइनींतून उलट्या दिशेने समुद्राचं पाणी आणलं गेलं आणि विहिरींजवळ खोदलेल्या तळ्यांत साठवलं गेलं. जळलेल्या तेलाचा तापलेला, घट्ट झालेला कोक आणि वाकलेलं लोखंड बाजूला काढायचं, पाण्याच्या माऱ्याने परिसर थंड करायचा, ज्वाळा विझवायची. काही ठिकाणी ती स्फोटकांच्या धक्क्याने विझवली गेली. हंगेरीच्या पथकाने तर रणगाड्यावर मिग-21 विमानाची दोन जेट इंजिनं बसवली होती. त्यांच्या झोतात पाणी सोडून ते ज्वाळा उडवून लावत. आग विझली तरी तेल उसळतच असतं आणि एका ठिणगीने ते पुन्हा पेटू शकतं. म्हणून खरं कौशल्य त्यानंतरच्या कामात असतं. वेड्यावाकड्या झालेल्या विहिरीच्या तोंडावर नवा व्हॉल्व्ह नेमका बसवायचा आणि वरून जड चिखल पंप करून तिला शांत करायचं.

या कामाला अमेरिकन कंपन्या होत्या, तशाच कॅनडा, चीन, इराण, रुमानिया, फ्रान्स, सोव्हिएत संघ इथून आलेल्या तुकड्याही होत्या. सर्वांत जास्त विहिरी बंद करण्याचं श्रेय कॅनडाच्या 'सेफ्टी बॉस' या कंपनीला दिलं जातं. कुवेतचं स्वतःचं पथकही होतं. तरीही या कामाशी जोडलेलं एकच नाव लोकांना आठवतं ते टेक्सासच्या रेड अ‍ॅडेअरचं. त्याचं कर्तृत्व मोठं होतं यात शंका नाही, पण त्याच्या नावाला आधीपासून सिनेमाची साथ होती. 1968च्या 'हेलफायटर्स' या चित्रपटात जॉन वेनने रंगवलेला नायक त्याच्यावरूनच बेतलेला होता. त्यात पुरुष आगीवर जातात आणि बायका त्यांच्या काळजीत असतात. तेलविहिरीच्या आगीचं हेच चित्र पुढची कित्येक वर्षं लोकांच्या डोक्यात राहिलं.

सारा अकबर

कुवेतच्या पथकात एक महिला अभियंता होती, सारा अकबर. कुवेत ऑइल कंपनीत त्या पेट्रोलियम अभियंता म्हणून काम करत होत्या. इराकने देश ताब्यात घेतला तेव्हाही त्या देश सोडून गेल्या नाहीत. आगी लागल्यावर त्या पथकाबरोबर प्रत्यक्ष विहिरींवर उतरल्या. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांना 'ग्लोबल 500' सन्मान दिला आणि 2005 मध्ये उभ्या राहिलेल्या 'कुवेत एनर्जी' या कंपनीचं नेतृत्वही त्यांनी केलं. त्याच 2005 मध्ये कुवेतमध्ये महिलांना मतदानाचा अधिकार मिळाला. ज्या देशाने त्यांच्याकडून पेटलेल्या विहिरी बंद करून घेतल्या, तिथे मताच्या अधिकारासाठी त्यांना आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं.

'फायर्स ऑफ कुवेत' हा डेव्हिड डग्लस यांचा आयमॅक्स माहितीपट 1992 मध्ये आला. त्याला सर्वोत्कृष्ट माहितीपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं. वेगवेगळ्या देशांच्या तुकड्या आपापल्या पद्धतीने काम करताना त्यात दिसतात आणि सारा अकबरही त्यात आहेत. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. अवाढव्य पडद्यावर, आगीच्या इतक्या जवळ, एक अरब बाई त्या कामाची जाणकार म्हणून उभी राहते. त्या काळच्या पाश्चात्त्य बातम्यांत अरब स्त्री अशी क्वचितच दिसत असे.

त्याच वर्षी वेर्नर हेर्त्सोग यांनी कुवेतच्या आगींवर 'लेसन्स ऑफ डार्कनेस' केला. चित्रीकरणाच्या दृष्टीने तो असामान्य आहे. त्यात देशाचं नाव घेतलेलं नाही. जणू कुठल्यातरी परग्रहावरची गोष्ट असावी तशी मांडणी आहे आणि आग विझवणारी माणसं अनोळखी प्राण्यांसारखी वाटतात. त्यात दोन स्थानिक स्त्रिया भेटतात. एकीची वाचा मुलांचा छळ डोळ्यांदेखत पाहून गेलेली, दुसरीच्या लहान मुलाने बोलणं सोडलेलं. त्यांचं दुःख खरं आहे आणि ते पाहताना अंगावर काटा येतो. तरीही माझा आक्षेप आहे. त्या देशातली स्त्री फक्त भोगणारी म्हणून दिसते आणि काम करणारा पुरुष फक्त आकृती म्हणून. दोघांनाही त्यांचा देश मिळत नाही. कलाकृती म्हणून तो माहितीपट वरचढ असेल, पण त्या आगीत कोण होतं हे जाणून घ्यायचं तर मी डग्लस यांच्याकडे जाईन.

यावरून एक कसोटी हाती लागते. पडद्यावर किती बायका आणि किती देशांची माणसं दिसली, एवढं मोजून भागत नाही. ती माणसं काम करताना दिसतात का, निर्णय घेताना दिसतात का आणि स्वतःच्या शब्दांत काही सांगतात का, ते पाहावं लागतं.

कुवेतची आणखी एक बाजू मुंबई-ठाण्याला चांगली माहीत आहे. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर एअर इंडियाने अम्मानमार्गे एक लाखाहून जास्त भारतीयांना मायदेशी आणलं, बहुतेकांना मुंबईतच. तेलावर उभा असलेला तो देश चालवण्यात त्यांचा वाटा मोठा होता. युद्ध संपल्यावर त्यांतले अनेकजण परत गेले. पथकांच्या छावणीत जेवण करणारे, टँकर चालवणारे, पाइप जोडणारे हात दक्षिण आशियाई असतात, हे आखातात राहिलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही. तेलाच्या आगीवर कोणी नव्याने माहितीपट करणार असेल तर मी आधी त्या हातांची चौकशी करीन.

बॉम्बे हाय, 27 जुलै 2005

आपल्या समुद्रातल्या आगीची गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मुंबईजवळच्या समुद्रात 1974 मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तेल शोधलं. तिथली सर्वांत मोठी दुर्घटना 27 जुलै 2005 रोजी घडली. ही तारीख ठाणे जिल्ह्यात कोणाच्या लक्षात नसेल तर नवल नाही. आदल्याच दिवशी 26 जुलैच्या पावसाने मुंबई बुडाली होती, उल्हास नदीने कल्याणपासून वरच्या गावांपर्यंत हाहाकार केला होता. जो तो आपल्या माणसाचा पत्ता लावत होता.

त्या 27 तारखेला समुद्रात 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटं कापली. हवा खराब होती, हेलिकॉप्टर मिळेना. म्हणून त्याला क्रेनच्या टोपलीतून बॉम्बे हाय नॉर्थ या प्लॅटफॉर्मवर उतरवायचं ठरलं. त्यासाठी जहाज प्लॅटफॉर्मजवळ आलं आणि लाटांच्या जोरात राइझरवर, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या पाइपवर, आदळलं. गॅस सुटला आणि पेटला. अवघ्या काही तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. तिथे आणि आसपास मिळून 384 माणसं होती. 362 वाचली, 22 गेली. खोल पाण्यात काम करण्यासाठी दाबाच्या कोठडीत राहणारे सहा पाणबुडे जहाजावरच अडकले होते. कोठडीतून एकदम बाहेर काढलं तर शरीरावरचा दाब अचानक उतरतो आणि जीव जाऊ शकतो. साधारण दीड दिवसानंतर त्यांची सुटका झाली.

या घटनेवर एक चांगला माहितीपट कसा उभा राहील, याचा विचार करताना मला त्या स्वयंपाक्याचं फार महत्त्व वाटतं. ही साखळी त्याच्या जखमेपासून सुरू झाली, पण दोष त्याचा नाही. समुद्रातलं जग अभियंत्यांइतकंच जहाजाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्यांच्या, क्रेन चालवणाऱ्यांच्या, पाणबुड्यांच्या आणि ठेकेदाराच्या माणसांच्या जिवावर चालतं. मोठ्या दुर्घटनेत त्यांची नावं मात्र यादीत खाली जातात. पुढे 3 सप्टेंबर 2019 रोजी उरणच्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागली. त्यात गेलेल्या चौघांपैकी तिघे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या अग्निशमन शाखेतले जवान होते.

जमिनीवरही हेच दिसतं. आसामच्या बागजानमध्ये 27 मे 2020 रोजी विहिरीचा ब्लोआउट झाला, म्हणजे आतला दाब आवरेनासा होऊन वायू-तेल उसळू लागलं, आणि 9 जूनला आग लागली. ती पूर्णपणे काबूत यायला नोव्हेंबर उजाडला. सिंगापूरहून आलेल्या तज्ज्ञांच्या बातम्या ठळक छापल्या जात होत्या. विहीर चालवणाऱ्या कंपनीच्या अग्निशमन दलातले दोन स्थानिक जवान मात्र आगीच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या तळ्यात मृतावस्थेत सापडले होते. परदेशी तज्ज्ञ लागतातच, त्यांना बोलवायलाच हवं. पण पहिल्या तासाला जो पाइप हातात घेऊन उभा राहतो, तो त्याच गावचा असतो.

नागपूरची मुलगी, मेहसाणाची विहीर

तेल, आग आणि स्त्री या तिन्ही गोष्टी एकत्र आणणारी एक मराठी कहाणी आपल्याकडे आहे. नागपूरच्या हर्षिनी कान्हेकर यांनी 2002 मध्ये नागपूरच्याच राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्याआधी या महाविद्यालयात एकही मुलगी शिकलेली नव्हती. एनसीसीची आवड आणि गणवेशाची ओढ त्यांना तिथे घेऊन गेली. शिक्षण पूर्ण झाल्यावर 2006 मध्ये त्या ओएनजीसीत रुजू झाल्या आणि गुजरातच्या मेहसाणा तेलक्षेत्रात अग्निशमन अधिकारी म्हणून काम करू लागल्या.

मेहसाणात तेलाच्या विहिरी शेतांमध्ये आहेत. तिथलं अग्निशमन केंद्र शहरातल्या केंद्रापेक्षा वेगळं असतं. वर्दी, म्हणजे आगीची खबर, कमी येते, पण एखादी आली तर ती ब्लोआउटची असू शकते. ड्रिलिंग सुरू असताना बंब उभा ठेवायचा, फोमचा साठा तपासायचा, गॅस मोजायचा, असं काम रोजचं असतं आणि त्यातलं बरंचसं कंटाळवाणं असतं. हर्षिनी यांच्याबद्दल लिहिताना 'पहिली महिला' एवढ्यावरच बहुतेक लेख थांबतात. मला वाटतं, त्यांच्या कामातला हा रोजचा भागच जास्त मोलाचा आहे. फोम का वापरायचा, तेलाच्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर काय होतं, हे एखाद्या बाईच्या तोंडून पडद्यावर ऐकू आलं, तर हे काम बाईलाही जमतं, हे समोर बसलेल्या डोंबिवलीच्या शाळकरी मुलीला वेगळं सांगावं लागणार नाही. तेलाच्या टाकीवर नुसतं पाणी मारलं की ते खाली जातं, तापतं, त्याची वाफ होते आणि ती पेटतं तेल उसळवून बाहेर फेकते. ही गोष्ट ज्याला समजते तो आग विझवू शकतो, मग तो पुरुष असो की बाई.

भरतीचं मैदान

पडद्यावर वैविध्य हवं, तर ते आधी दलात यायला हवं. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत महिलांसाठी 30 टक्के समांतर आरक्षण 1994च्या महिला धोरणापासून आहे. मुंबई अग्निशमन दलात गेल्या दीड दशकात महिला जवान दाखल झाल्या आणि आता त्या गर्दीच्या इमारतींमध्ये शिडीवरून वर जाताना दिसतात.

तरी वाट सोपी नाही. 2023च्या सुरुवातीला मुंबई अग्निशमन दलाच्या 910 जागांसाठी दहिसरच्या मैदानावर भरती झाली. महिलांसाठी उंचीची अट 162 सेंटीमीटर होती. राज्यभरातून मुली आल्या होत्या. उंची चुकीची मोजल्याची तक्रार करत अनेक जणी मैदानाबाहेर उभ्या राहिल्या, गोंधळ झाला आणि पोलिसांनी बळाचा वापर केल्याचा आरोप उमेदवारांनी केला. दिवसभराच्या बातम्यांत धक्काबुक्कीची दृश्यं आली. त्या मुली किती महिने धावण्याचा आणि वजन उचलण्याचा सराव करून आल्या होत्या, हे मात्र कोणी दाखवलं नाही. बसमध्ये रात्र काढून आलेल्या मुलीची ती बाजू माहितीपटच सांगू शकतो. बातमीला तेवढा वेळ नसतो.

डोंबिवली आणि कल्याण

आपल्याकडे तेलविहिरी नाहीत, रसायनांचे रिॲक्टर आहेत. 26 मे 2016 रोजी डोंबिवली एमआयडीसीत प्रोबेस एंटरप्रायझेसमध्ये स्फोट झाला. 12 जणांचा जीव गेला, शेकडोंना इजा झाली. पुन्हा 23 मे 2024 रोजी फेज टूमधल्या अमुदान केमिकल्समध्ये स्फोट झाला. सुरुवातीला बॉयलर फुटल्याची बातमी आली आणि नंतर रिॲक्टरचा स्फोट असल्याचं पुढे आलं. दहाहून जास्त माणसं गेली, त्यांत शेजारच्या कंपन्यांत कामाला असलेल्या स्त्रियाही होत्या. काही मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. शास्त्रीनगर रुग्णालयाबाहेर नातेवाईक थांबून होते.

त्या दिवसांत टीव्हीवर सर्वांत जास्त वेळा दिसला तो धुराचा लोट. त्यानंतर दिसले पाहणीला आलेले मंत्री. कंपनीत हेल्पर म्हणून लागलेला परप्रांतीय मुलगा, पॅकिंग करणारी शेजारच्या गावातली बाई, रोजावरचा कामगार ज्याचं नाव हजेरीपटावर आहे की नाही याचीच खात्री नाही, हे लोक बातमीत आले ते बहुतेक आकड्यात. ते रोज ज्या रसायनाजवळ काम करतात त्याचं नाव त्यांना सांगितलं गेलं होतं का, हा प्रश्न त्यांनाच विचारायला हवा होता. डोंबिवलीबद्दल बाहेर काय पोचतं? जानेवारी 2014चा हिरवा पाऊस, फेब्रुवारी 2020चा गुलाबी रस्ता. रंग कॅमेऱ्याला आवडतात. त्या रस्त्यावरून पहाटे शिफ्टला चालत जाणाऱ्या माणसाकडे तो क्वचित वळतो.

कल्याणची एक घटना मला या सगळ्यांत सर्वांत जास्त अस्वस्थ करते. 1 नोव्हेंबर 2018 रोजी कल्याण पूर्वेला नेतिवली भागात एक कामगार विहीर साफ करायला उतरला आणि वर आला नाही. त्याला पाहायला बाप आणि मुलगा उतरले, तेही आले नाहीत. मग महापालिकेच्या अग्निशमन दलाचे दोन जवान उतरले. विहिरीतल्या विषारी वायूने पाचही जण गेले. तेलविहिरीच्या आगीवर जगभर माहितीपट होतात, पण या विहिरीवर एखादा लघुपट झाल्याचंही माझ्या ऐकिवात नाही. इथे ज्वाळा नव्हत्या, जेट इंजिन नव्हतं. होती ती दोरी, अपुरी तयारी आणि आत उतरायला नेहमी कोणाला सांगितलं जातं हा जुना प्रश्न. गटार, विहीर, टाकी साफ करायला उतरणारा माणूस आपल्याकडे बहुतेक वेळा कोणत्या जातीचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. प्रतिनिधित्वाची चर्चा करताना ही गोष्ट टाळून पुढे गेलं, तर ती चर्चा अर्धीच राहते.

करायचाच झाला तर

ठाणे जिल्ह्यातल्या आगींवर कोणी माहितीपट करणार असेल, तर मला काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, नुसत्या स्फोटाच्या दिवसाचं चित्रीकरण पुरेसं नाही. एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्रात, महापालिकेच्या केंद्रांत, ठाणे महापालिकेच्या आपत्ती प्रतिसाद दलात वर्दी नसलेले दिवस कसे जातात ते दाखवावं. होज वाळवणं, श्वसनयंत्राच्या सिलिंडरचा दाब पाहणं, पंप चालू करून बघणं, यातूनच प्रेक्षकाला काम कळेल.

दुसरी गोष्ट भाषेची. इथला कामगार आगरी बोलतो, भोजपुरी बोलतो, मालवणी, तेलुगू, बंगाली बोलतो. त्याला त्याच्या भाषेत बोलू द्यावं आणि खाली मराठी उपशीर्षकं द्यावीत. त्याचं बोलणं निवेदकाच्या शुद्ध मराठीत गुंडाळलं की तो पुन्हा गप्प होतो.

घरच्यांना विचारल्याशिवाय मृतांचे फोटो वापरू नयेत. त्यांनी दिलेला फोटो मात्र पूर्ण वेळ दाखवावा, नावासकट, कामाच्या हुद्द्यासकट. हुद्दा 'हेल्पर' असेल तर 'हेल्पर' असंच लिहावं, त्यात कमीपणा नाही. आणि गेलेल्या माणसाची बायको पडद्यावर आली, तर तिचं रडणं दाखवून पुढे जाऊ नये. नुकसानभरपाईसाठी ती किती कार्यालयांत गेली, कोणते कागद मागितले गेले, हेही तिला सांगू द्यावं. कामगार कायद्याची जी बाजू तिला माहीत झालेली असते ती वकिलालाही नसते.

माहितीपट कोण बनवतं, याला तितकंच महत्त्व आहे. कॅमेऱ्यामागे एमआयडीसीत वाढलेली मुलगी असेल, तर शॉट बदलतो. मुंबईच्या पेडर रोडवर 1948 पासून फिल्म्स डिव्हिजनने देशभरातल्या कामांवर आणि माणसांवर माहितीपट केले. ती संस्था 2022 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. त्या परंपरेत डोंबिवलीच्या मुलींना जागा मिळाली तर आपल्या आगींचं चित्र बरंच वेगळं होईल.

14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचा स्फोट झाला आणि अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ 14 ते 20 एप्रिल हा अग्निशमन सप्ताह पाळला जातो. गोदीत त्या दिवशी गेलेल्या हमालांची नेमकी मोजदाद मात्र कधी झाली नाही. ठाणे जिल्ह्यातल्या आगींवरचा असा माहितीपट तयार झाला तर या सप्ताहात तो डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले नाट्यगृहात दाखवावा. वेळ ठेवताना एमआयडीसीच्या फेज वन आणि फेज टूची शिफ्ट सुटायची वेळ पाहावी, म्हणजे दुपारी तीननंतर सुटणाऱ्यांना येता येईल. आणि तिकीट ठेवू नये.